टूलची ऑर्डर देण्याआधी: स्वतःचं प्रॉडक्ट काढू पाहणाऱ्या कारखानदारांना खुलं पत्र

प्रति,
भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि राज्यातल्या इतर औद्योगिक वसाहतींमधले लघुउद्योजक

सप्रेम नमस्कार.

हे पत्र ज्या कामाबद्दल आहे, त्याचं बिल पाहिलं की तुमच्यातल्या बहुतेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. माझ्या कोटेशनमध्ये पहिली ओळ असते ‘कॉन्सेप्ट डिझाइन’. टूलचे, म्हणजे पार्ट काढायच्या साच्याचे किंवा डायचे, पंधरा-वीस लाख तुम्ही घासाघीस करून का होईना, देता. या ओळीवर मात्र थेट पेन फिरतो. “हे काढा साहेब. सॅम्पल आहे आपल्याकडे. डायरेक्ट थ्रीडी मॉडेलला लागा.” मी ओळ काढत नाही, तुम्ही दुसऱ्याकडे जाता, आणि वर्षभराने कधी कधी तेच प्रॉडक्ट घेऊन परत येता. तेव्हा टूल झालेलं असतं, दोनदा वेल्डिंग करून दुरुस्त केलेलं असतं आणि डीलर फोन उचलत नसतो.

ही सवय कुठून आली ते मला ठाऊक आहे, कारण मीही टूलरूममध्येच, म्हणजे जिथे ही टूलं बनतात तिथेच, वाढलो. आपला लघुउद्योग मोठ्या कंपन्यांचे पार्ट करून वर आला. ड्रॉइंग यायचं. त्यावर मटेरियल, टॉलरन्स, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंगची जाडी, सगळं लिहिलेलं. आपण त्यात इतके तरबेज झालो की दहा मायक्रॉनमध्ये पार्टचा बोअर, म्हणजे भोकाचं माप, धरणारी माणसं आज भोसरीत शेडशेडला सापडतात. पण ते ड्रॉइंग आपल्या टेबलावर पडायच्या आधी कुठल्या तरी ऑफिसात वर्ष-दोन वर्षं कुणीतरी भांडलेलं असतं. पार्ट ओतीव करायचा की पत्र्याचा? बिघडला तर उघडणार कोण? विकायचा कुणाला, आणि तो आज कशावर भागवतो? ते भांडण आपण कधी पाहिलंच नाही, आपल्याला त्याचा निकाल तेवढा मिळत गेला. त्यामुळे प्रॉडक्टची सुरुवात ड्रॉइंगपासून होते, अशी आपली पक्की समजूत झाली. जॉबवर्कमध्ये ती खपून गेली. स्वतःच्या प्रॉडक्टला ती महागात पडते, कारण तिथे आपल्या वतीने भांडायला दुसरं कुणी नसतं.

एका कारखानदारांचं सांगतो. नाव-गाव नको. माणूस हुशार, कारखाना टापटीप, पत बँकेत उत्तम. त्यांना ज्वारीच्या भाकरीचं मशीन काढायचं होतं. बाजार दिसतच होता: मेस, ढाबे, केटरर, सोलापूरकडे कडक भाकरी पाकिटांत भरून विकणारे बचत गट. त्यांनी चपातीचं एक तयार मशीन विकत आणलं. त्यात कणकेचा गोळा दोन तापलेल्या प्लेटांमध्ये दाबला जातो. म्हणाले, हेच, फक्त भाकरीच्या मापाचं. माझ्याकडे आले तेव्हा प्लेटांची ऑर्डर गेलेली होती. पहिल्या ट्रायलला भाकरीच्या कडा फाटल्या. दाब कमी केला तर मध्ये जाड राहिली. पीठ सैल केलं तर प्लेटला चिकटली. प्लेटांना टेफ्लॉन मारून आणलं. मग चिकटायची थांबली, पण फुगेना.

गव्हात ग्लुटेन असतं, म्हणून कणीक ताणली जाते आणि दाबली की पसरते. ज्वारीत ते नसतं. ज्वारीच्या पिठाला धरून ठेवतं ते गरम पाण्याने अर्धवट शिजलेलं त्यातलं स्टार्च. म्हणून तर घरी कढत पाणी घालतात, तळहाताच्या टाचेने रगड रगड रगडतात आणि मळलं की लगेच थापायला घेतात. पीठ मळून ठेवून चालत नाही. थापताना भाकरी हाताखाली फिरत राहते, दुसऱ्या हाताची बोटं कड सावरत असतात, चीर दिसली की तिथल्या तिथे बुजवली जाते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरतो. यातलं एकही काम दोन प्लेटा करत नव्हत्या. हे कळायला प्लेटा करून घ्यायची गरज नव्हती, भाकरी करणाऱ्या बाईंशेजारी एक सकाळ बसणं पुरलं असतं. आधी मांडव घालायचा आणि मग स्थळं बघायला निघायचं, असा तो सगळा प्रकार झाला होता.

शेवटी गेलो एका मेसच्या भटारखान्यात. तिथल्या मावशींना विचारलं, यातलं कुठलं काम मशीनवर टाकाल? कारखानदारांची खात्री होती की त्या थापणं म्हणतील. मावशी हसल्या. “थापायचं काय, हात चालतोय तोवर चालतोय. ते मळायचं बघा. दुपारच्याला मनगट राहत नाही.” गिऱ्हाइकालाही हातची भाकरीच हवी होती, मेसच्या पाटीवरच तसं लिहिलेलं होतं. सगळ्यात जड काम होतं ते गरम पीठ रगडण्याचं, तेही थोडं थोडं, दर काही मिनिटांनी. मोठं डो-मिक्सर तिथे निरुपयोगी, कारण एकदम मळलेलं पाच किलो पीठ संपेपर्यंत चिरायला लागतं. हवं होतं ते पाच-सहा भाकऱ्यांपुरतं पीठ कढत पाण्यासकट रगडून देणारं, ओट्यावर मावणारं, धुवायला सोपं असं लहान यंत्र. त्याला ना महागडी प्लेट लागते, ना तापमानाचा कंट्रोलर. प्लेटा अजून त्यांच्या स्टोअरमध्ये आहेत.

कॉन्सेप्ट फेज म्हणजे एवढंच: काय बनवायचं हे कसं बनवायचं याच्या आधी ठरवणं. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या कारखान्यात व्हीएमसीसारखं महागडं कटिंग मशीन रिकामं उभं राहिलं की मालकाला हप्ता आठवतो, तिथे धातूची एक चिपही न पाडता काढलेले सहा आठवडे जिवावर येतात.

आपल्याच मातीतलं एक जुनं काम सांगतो, जे मी प्रत्येक नव्या मुलाला आधी शिकवतो. गावोगावचा हातपंप. आज तो इतका अंगवळणी पडलाय की तो कुणीतरी डिझाइन केला असेल, हे मनातच येत नाही.

१९६०च्या दशकाच्या शेवटी दुष्काळी भागात कठीण खडकात बोअर घ्यायला सुरुवात झाली आणि त्यावर बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, हातपंप बसवले गेले. हे पंप युरोप-अमेरिकेतल्या नमुन्यांवरून उतरवलेले होते. म्हणजे आपल्या भाषेत, सॅम्पल होतं, डायरेक्ट ड्रॉइंगला लागले. मूळ पंप होता एका कुटुंबाच्या अंगणासाठी, दिवसातून चार-दोन बादल्या उपसायला. आपल्याकडे त्याच्यावर अख्खं गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत. पुढे सरकारी निकषच २५० माणसांमागे एक हातपंप असा होता. १९७४च्या पाहणीत चारातले तीन पंप बंद आढळले. आता विचार करा, अशा वेळी तुमच्या क्वालिटीवाल्याने काय केलं असतं? बिडाची ग्रेड बदलली असती, पिन जाड केली असती, व्हेंडरला डेबिट नोट पाठवली असती. यातलं काहीही केलं तरी पंप अंगणातलाच राहिला असता.

आपल्या महाराष्ट्रात, जालन्याला आणि सोलापूरला, मिशनच्या आणि विहिरींच्या कामात असलेल्या लोकांनी मुळाशी हात घातला. बिडाचं ओतकाम सोडून पोलादी पत्रा-पाइप वेल्ड करून पंप उभे केले. सोलापूरचा पंप त्यातला सगळ्यात टिकाऊ ठरला. जुन्या पंपात हँडल खालच्या पिस्टनच्या दांड्याला पिनांनी जोडलेलं असायचं. हँडल वर-खाली होताना दांडा आडवा ओढला जायचा, पिना आणि त्यांची भोकं झिजून अंडाकृती व्हायची. इथे हँडलच्या टोकाला गोलाईचा तुकडा आणि त्यावरून जाणारी साखळी. हँडल कसंही फिरो, साखळी गोलाईवरून सुटत दांड्याला सरळ वरच ओढते. हँडल बॉल बेअरिंगवर. पुढच्या वेळी एखाद्या गावात थांबलात तर डोक्याचं झाकण उघडं असलेला पंप शोधून आत बघा.

आता याची किंमतही बघा. साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणजे खालचा पिस्टन परत खाली जाणार तो फक्त दांड्यांच्या वजनाने. खोल बोअरमध्ये दांड्यांची लांबी भरपूर, वजनही भरपूर, काम छान चालतं. उथळ विहिरीवर हाच पंप नीट चालत नाही. पण ज्या भागासाठी तो होता तिथे पाणी खोलच होतं, तेव्हा हा सौदा त्यांनी समजून केला. चांगली संकल्पना सगळीकडे चालत नाही, तिला आपलं गिऱ्हाईक माहीत असतं. तुम्ही मात्र मला सांगता, “साहेब, शेतकऱ्यालाही चालला पाहिजे, हॉटेललाही, आणि एक्स्पोर्टलाही.”

याच सोलापूर पंपाच्या पायावर भारत सरकार, युनिसेफ आणि सहकाऱ्यांनी इंडिया मार्क टू हा हातपंप उभा केला. चेन्नईच्या रिचर्डसन अँड क्रुडासने त्याचं उत्पादन केलं, कोइमतूरच्या बाजूला खोल बोअरवर नमुने चालवून पाहिले. आधी कागदावर काय लिहिलं होतं? किंमत २०० डॉलरच्या आत, एक वर्ष बिघाड नको, आणि साध्या वर्कशॉपमध्ये बनवता आला पाहिजे. बस. तीन अटी, आणि तिन्ही मोजता येण्यासारख्या. ‘मजबूत’, ‘आकर्षक’, ‘युजर फ्रेंडली’ असलं काही नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभरात असे पन्नास लाखांच्या आसपास पंप बसले होते.

आणि एका प्रश्नाचं उत्तर तेव्हा वेगळं दिल्यामुळे काय झालं, तेही यातच आहे. मार्क टूचा खालचा वॉशर बदलायचा तर बोअरमधले सगळे पाइप वर काढावे लागतात. म्हणजे तिकाटणं, साखळ्या, गाडी आणि जिल्ह्याच्या ठिकाणाहून येणारं पथक. ‘दुरुस्ती कोण करणार’ याचं गृहीत उत्तर ‘पथक’ होतं. पथक येईपर्यंत गाव थांबायचं. त्याच्या पुढच्या मॉडेलमध्ये, मार्क थ्रीमध्ये, उभा पाइप मोठ्या व्यासाचा घेतला आणि सिलिंडर वरून उघडा ठेवला, त्यामुळे पाइप जागेवर ठेवून दांड्यांबरोबर पिस्टन वर येतो. एक प्रश्न, पण त्याने पाइपचा व्यास बदलला, आणि त्याबरोबर किंमतही. असे प्रश्न टूल झाल्यावर सुचले तर त्यांना आपण ‘कस्टमर कम्प्लेंट’ म्हणतो.

टाटांच्या नॅनो गाडीबद्दल आपल्याकडे एक तर थट्टा होते नाही तर हळहळ. पुण्यात टाटा मोटर्सच्या गिरीश वाघांच्या टीमने जे काम केलं त्यातला इंजिनिअरिंगचा कस मी तरी कुणाला नाकारू देणार नाही. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागे, चाकाला तीनच नट, एकच वायपर. पण मागच्या इंजिनाच्या त्या मांडणीत मागचं दार उघडणारं नव्हतं, सामान सीट पाडून आतून ठेवायचं. उघडणारं मागचं दार गाडीला मिळालं ते २०१५च्या मॉडेलमध्ये, म्हणजे गाडी रस्त्यावर आल्यानंतर सहा वर्षांनी. मांडणी एकदा गोठली की दारासारखी साधी वाटणारी गोष्टही किती जड होते, ते यातून दिसतं. दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. ‘सगळ्यात स्वस्त’ हा शिक्का गाडीला बाधला, हे रतन टाटांनीही पुढे जाहीरपणे सांगितलं. स्कूटरवरून उतरून पहिली गाडी घेणाऱ्या घरात गाडीला हार घालतात, सोसायटीत पेढे वाटतात. त्या पेढ्यांबरोबर ‘सगळ्यात स्वस्त’ कसं सांगायचं? गिऱ्हाइकाला वस्तू कशासाठी हवी, यात ती चारचौघांत कशी दिसेल हेही येतं, आणि तेही पहिल्या टप्प्यातच विचारायचं असतं.

आता आमच्या लोकांबद्दलही बोलतो, नाही तर हे पत्र एकतर्फी होईल. कॉन्सेप्टच्या नावाखाली आमच्यातले काही डिझाइनर तुम्हाला चकचकीत रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं, विकतात. कार्बन फायबरसारखा पोत, निळा एलईडीचा प्रकाश, मागे धूसर युरोपियन स्वयंपाकघर. तीन ‘ऑप्शन’ देतात, आणि त्यांत फरक असतो रंगाचा आणि कोपऱ्याच्या गोलाईचा. हे बघून तुम्ही म्हणत असाल की यावर पैसे घालवायचे नाहीत, तर तुमचं बरोबर आहे. तीन पर्याय म्हणजे काम करण्याच्या तीन वेगळ्या रीती. पीठ फिरत्या हाताने रगडायचं, रोलरखालून काढायचं, की दाबून पिळायचं? हे पर्याय कागदावर पेन्सिलीने कुरूप काढलेले असले तरी चालतील.

निवडायचे कसे, याची एक जुनी रीत ब्रिटिश प्राध्यापक स्टुअर्ट प्यू यांच्या नावाने ओळखली जाते. भिंतीवर मोठा कागद लावा. आडव्या ओळीत पर्याय, उभ्या ओळीत तुमच्या अटी. बाजारातलं आजचं एक मशीन मापदंड धरा. प्रत्येक पर्याय प्रत्येक अटीवर त्याच्यापेक्षा सरस तर अधिक, कमी तर उणे, तेवढाच तर ‘सारखा’. लोक इथे चिन्हांची बेरीज करून जास्त गुणवाल्याला हार घालतात आणि मोकळे होतात. खरा माल बेरजेत नसतो. ‘धुण्याच्या बाबतीत दोन नंबर चांगला, पण आवाजात मार खातो’ असं म्हणता म्हणता तुमचा फोरमन म्हणतो, दोन नंबरचं भांडं आणि तीन नंबरचा गिअर घेतला तर? तो नवा चौथा पर्याय घेऊन पुन्हा कागद लावायचा. या बैठकीला फोरमन हवा, खरेदीवाला हवा, सर्व्हिसचा पोरगा तर हवाच. आणि मालक हवेत, पण त्यांनी शेवटी बोलायचं. मालक पहिल्यांदा बोलले की बाकीची सगळी खोली त्यांच्या पर्यायाला अधिक देते, हे मी अनेकदा पाहिलंय.

त्यानंतर येतात पुठ्ठा, प्लाय, एमडीएफ, गरज पडली तर थ्रीडी प्रिंट. भाकरीच्या त्या प्रकरणात आम्ही प्लायचा एक ठोकळा यंत्राच्या मापाचा करून मावशींच्या ओट्यावर ठेवला, नुसताच. पहिल्याच दिवशी कळलं की तो परातीच्या आड येतो आणि उजव्या हाताला पाण्याचं पातेलं ठेवायला जागा राहत नाही. मोटर आडवी होती, ती उभी केली. ठोकळ्याचा खर्च कुणी लिहूनही ठेवला नाही. हीच गोष्ट मोल्ड झाल्यावर कळली असती तर?

डिझाइनच्या पुस्तकांत प्रॉडक्टचा सत्तर-ऐंशी टक्के खर्च सुरुवातीच्या टप्प्यातच ठरतो, असा आकडा सर्रास छापलेला असतो. तो सांगून तुम्हाला पटवायची मला गरज वाटत नाही. तुमच्या स्टोअरमध्ये जा आणि मागच्या रॅकवर धूळ खात पडलेली टूलं बघा. त्यातली किती मशिनिंग चुकल्यामुळे पडून आहेत आणि किती मुळात चुकीची वस्तू नीट बनवल्यामुळे, ते तुम्हीच सांगू शकाल.

तुमच्या हरकती मला पाठ आहेत. “तोवर दुसरा कुणी बाजारात आणेल.” आणू दे की. त्याचं पहिलं मॉडेल विकत घ्या, उघडा, त्याच्या गिऱ्हाइकाला भेटा आणि त्या कागदावर तेच मापदंड म्हणून लावा. “नुसतं गिऱ्हाइकाशी बोलून काय होतं, त्याला काय हवं ते त्यालाच सांगता येत नाही.” हे खरं आहे, म्हणून त्याला काय हवं विचारायचं नसतं. तो आज काय करतो, कुठे दोरी बांधतो, कुठे लाकडाची पाचर ठोकतो ते बघायचं. “आपण साधं बनवतोय, रॉकेट नाही.” स्पेअर पार्ट असेल, जुन्या प्रॉडक्टची दुसरी साइज असेल, तर खरंच गरज नाही, मीच ती ओळ काढून टाकीन. पण ‘साधं’ म्हणता म्हणता पंधरा लाखांचं टूल होणार असेल तर ते साधं राहिलेलं नाही.

तुमच्या औद्योगिक संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनाही एक विनंती. तुम्ही जीएसटीवर, वीजदरावर, रस्त्यांवर बैठका घेता, त्या घ्यायलाच हव्यात. त्याच हॉलमध्ये फसलेली प्रॉडक्ट टेबलावर मांडायचा एक दिवस ठेवा. नावं झाकून ठेवा, हवं तर. यशाची भाषणं खूप ऐकली. फसलेल्या वस्तूला हात लावून ‘इथे कुणाला काय विचारायचं राहिलं’ याची चर्चा झाली तर नव्याने उतरणाऱ्याचे लाखो रुपये वाचतील.

तुमच्याकडून मला पुढच्या वेळी काय हवं, तेही स्पष्ट सांगतो. सॅम्पल आणू नका, किंवा आणलंत तरी गाडीतच ठेवा. त्याऐवजी वस्तू वापरणाऱ्या चार-पाच जणांचे पत्ते आणा, त्यात एक तरी असा हवा ज्याने सध्याचं मशीन घेऊन पस्तावा केलाय. त्यांच्याकडे मी एकटा जाणार नाही, तुम्ही सोबत यायचं. मॅनेजरला पाठवून चालणार नाही, कारण मॅनेजर तुम्हाला आवडेल तेच सांगेल. अटी मोजता येतील अशा लिहायच्या, एका पानात. काम करण्याच्या निदान तीन वेगळ्या रीती कागदावर आल्याशिवाय आणि त्यातल्या एकीचा कच्चा नमुना वापरणाऱ्याच्या हातात गेल्याशिवाय टूलची ऑर्डर कुणीही द्यायची नाही, मेव्हण्याच्या टूलरूमलासुद्धा नाही.

या टप्प्याची पीओ (खरेदीची ऑर्डर) वेगळी काढा, पुढच्या कामाला न जोडता. साध्या यंत्राला सहा ते आठ आठवडे धरा. त्याच्या शेवटी ‘हे प्रॉडक्ट तुम्ही काढू नका’ असंही उत्तर येऊ शकतं, आणि तसं आलं तरी बिल पूर्ण द्यायचं, एवढं आधीच लिहून घेऊ.

कळावे,

आपला,
टूलरूममधून डिझाइनकडे आलेला एक इंजिनिअर